मीड राजांच्या पानांवर लाल शाई नाही

किस्से साठतात कसे, ते इस्त्रीच्या कपड्यांकडे बघून कळतं. आज एक खुर्चीवर टाकला, उद्या दुसरा, आणि एक दिवस खुर्चीच दिसेनाशी होते! आमच्या इतिहास कट्ट्याचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आज खुर्ची रिकामी करते. कोणाला चटका बसलाच तर माझा इलाज नाही.

कट्टा म्हणजे काय, ते आधी सांगते. अबुधाबीला खलिफा सिटीत डॉ. पाटणकरांचा व्हिला आहे. महिन्यातल्या एका शनिवारी तिथे पंधरा-वीस मराठी माणसं जमतात आणि इतिहासावर बोलतात. पाटणकर अध्यक्ष. डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत. लोखंडी पाइपांना गंज कसा लागतो, त्यावर पीएच.डी. आहे त्यांची. मी यमुना, सगळ्यांची यमुनामावशी. सातवी पास. तीस वर्षं शारजात जेवणाचे डबे पोचवले. आता दोन्ही गुडघे बदलून दुबईत मुलाकडे असते. आणि मीड आणि पर्शियन राजांबद्दल या कट्ट्यावर माझ्याइतकं कोणीही वाचलेलं नाही. नम्रपणा मला जमत नाही आणि या वयात शिकायचाही नाही!

* * *

आम्ही राहतो इंटरनॅशनल सिटीत. तिथे वस्त्यांना देशांची नावं आहेत. चायना, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस. आमची बिल्डिंग पर्शियात. ऑपरेशननंतर खिडकीत बसून बसून कंटाळले, तेव्हा मुलाला विचारलं, "सुनील, पर्शिया म्हणजे कोण रे?"

"आई, क्लस्टरचं नाव आहे ते."

"ते मलाही दिसतं. नाव कोणाचं?"

"गूगल कर ना!"

अकरा वर्षं ज्याच्या नावाच्या पाटीखालून ये-जा करतोस, त्याचं घराणं माहीत नाही? माझं डोकंच फिरलं. नात ईराच्या शाळेच्या लायब्ररीतून तिच्या कार्डावर पुस्तकं मागवली. इंग्रजी मी मैद्याच्या गोणींवरून आणि म्युनिसिपालिटीच्या नोटिशींवरून शिकले. डिक्शनरी मांडीवर घेऊन दिवसाला एक पान वाचायला लागले.

वाचता वाचता लक्षात आलं, की एका पानावर राजा देवमाणूस आणि दुसऱ्या पानावर तोच वेडा! डब्याच्या धंद्यात भाजी खारट असल्याची तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारायची: हे कोण सांगतं? जेवला तो, की त्याचा शेजारी, की ज्याचा स्वतःचा डब्यांचा धंदा आहे तो? इथेही तेच. ग्रीक म्हणजे पर्शियाचे कॉम्पिटिटर! म्हणून वहीत तीन शाया केल्या. राजानं स्वतः दगडात कोरलं ते लाल. ग्रीकांनी लिहिलं ते निळं. बाबिलोन-असीरियाच्या मातीच्या पाट्यांवर सापडलं ते हिरवं. लाल म्हणजे खरं, असं समजू नका हां! लाल म्हणजे 'हा स्वतः म्हणतो', एवढंच.

पर्शियन राजांच्या आधी तिथे मीड लोकांचं राज्य होतं. त्यांची पानं लिहून झाली आणि बघते तर निळी, निळी, हिरवी, पुन्हा निळी. लाल टिपकासुद्धा नाही! ज्यांनी बाबिलोनला साथीला घेऊन असीरियाचं निनेवेसारखं राजधानीचं शहर आडवं केलं, त्यांच्या हातची एक ओळ आजवर सापडलेली नाही. त्यांच्याबद्दल जे काही आहे ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. तेही बऱ्याचदा ज्यांना त्यांचं काही कौतुक नव्हतं अशांनी.

त्या दिवशी मी जेवले नाही. सुनील म्हणाला, "आई, ते मेलेत गं."

म्हटलं, "मेले म्हणून काय कोणीही काहीही बोलावं?"

* * *

हा अगदी छोटा आहे.

बँकेतून परत येत होते. रस्ता खणलेला, म्हणून बस मध्येच थांबली. ड्रायव्हर पेशावरकडचा, मोठा अदबीचा माणूस. म्हणाला, "अम्माजी, पर्शिया का रास्ता बंद है. ग्रीस में उतर जाइए, वहाँ से पैदल."

मी जागची हलले नाही. म्हटलं, "भाईसाब, ढाई हजार साल से यही चल रहा है! जिसको पर्शिया जाना है, उसको पहले ग्रीस में उतारते हैं!"

त्याला काही कळलं नाही. पण चालायला नको म्हणून त्यानं मला वळसा घालून दारापर्यंत सोडलं.

* * *

कट्ट्याला मी मुकादमांच्या गाडीतून जाते. मुकादम रत्नागिरीचे. हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीचा माल बंदरातून सोडवायचं काम बघतात. घराणं दर्यावर्दी. शारजाहून निघतात, मला पर्शियातून उचलतात आणि अबुधाबी येईपर्यंत माझं निमूट ऐकतात. असा श्रोता मिळायला नशीब लागतं.

एकदा मी कट्ट्यावर मीडांच्या पहिल्या राजाची गोष्ट सांगितली. देओकेस त्याचं नाव. निळी शाई, हे आधीच बजावलं. तर हा देओकेस गावातला पंच. लोकांचे तंटे सोडवायचा. सगळे त्याच्याकडेच यायला लागल्यावर एक दिवस म्हणाला, "मला माझी कामं आहेत, आता नाही जमणार." गावात गोंधळ उडाला. शेवटी लोकांनीच हातापाया पडून त्याला राजा केलं. राजा झाल्याबरोबर त्यानं काय केलं? सात भिंतींचा किल्ला बांधून घेतला आणि आत जाऊन बसला! कोणी भेटायचं नाही, काय असेल ते निरोप्यामार्फत. आणि त्याच्यासमोर हसायला बंदी.

मी थांबले. सगळ्यांची नजर चहाच्या कपात!

कारण आमचे पाटणकर आधी असेच कट्ट्याचे तंटे सोडवायचे. कोण किती वेळ बोलणार, कोणी काय खायला आणायचं. मग एकदा ग्रुपवर मेसेज टाकला, "कामाच्या व्यापामुळे यापुढे वेळ देता येणार नाही, क्षमस्व." दोन महिन्यांत सगळे त्यांच्या दारात! अध्यक्ष झाले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं तर आधी सेक्रेटरी स्वातीला मेसेज करायचा.

मी काही तेवढं मनात धरून गोष्ट सांगितली नव्हती. पण सांगितल्यावर मलाही हसू यायला लागलं. शेजारून मुकादम हळूच म्हणाले, "मावशी, सांभाळा! समोर हसायला बंदी आहे!"

* * *

आता सायरस मेला कसा, ते ऐका. म्हणजे आमच्या कट्ट्यानं त्याला कसा मारला, ते!

सायरस म्हणजे मीडांचं राज्य घेऊन पर्शियाचं साम्राज्य उभं करणारा. त्याच्या मरणाच्या तीन ग्रीकांनी तीन तऱ्हा सांगितल्यात. एक म्हणतो, भटक्या टोळ्यांच्या राणीनं लढाईत मारला आणि त्याचं डोकं रक्तानं भरलेल्या कातडी पिशवीत बुडवलं, 'पी आता पोटभर' म्हणून. दुसरा म्हणतो, जखमी झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तिसरा म्हणतो, घरी अंथरुणात, मुलांना चार गोष्टी सांगून. मातीच्या पाट्या यातलं काहीच सांगत नाहीत. एक दिवस सायरसचं नाव थांबतं आणि मुलाचं सुरू होतं. बस.

पाटणकर म्हणाले, "मावशी, मग फायनल काय?"

"फायनल नाही."

"असं कसं? कट्ट्याची काहीतरी पोझिशन हवी ना!"

"अहो, मेलेल्या माणसाबद्दल आपण काय पोझिशन घेणार?"

"मग व्होटिंग घेऊ."

घेतलं हो! हात वर करून! बायकांची सगळी मतं राणीला. पुरुषांची अंथरुणाला. जखमेला एकच मत, मुकादमांचं. म्हणाले, "कोणीच हात वर करीना, बरं नाय वाटलं." मी मतच दिलं नाही. एक बाई कमी पडली आणि राणी एका मतानं हरली. त्याबद्दल स्वाती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचा वृत्तांत रजिस्टरमधून वाचला गेला. स्वातीनं खणखणीत आवाजात वाचलं, "सायरस हे अंथरुणात शांतपणे वारले, असे बहुमताने ठरले. कायम?"

सगळे एका सुरात, "कायम!"

पंधरा शिकली-सवरलेली माणसं! त्यात तीन इंजिनियर!

* * *

मुकादमांचा एक सांगायलाच हवा.

सायरसनंतर पुढे पर्शियाचा राजा झालेल्या दारियसचा मुलगा झर्क्सिस. सामुद्रधुनीवरचा त्याचा पूल वादळानं मोडला म्हणून त्यानं समुद्राला तीनशे फटके मारायला लावले, असं ग्रीक लिहितात. हे ऐकून कट्ट्यावर सगळे खो खो हसले. पाटणकर म्हणाले, "टिपिकल ओरिएंटल राजा!"

मी उसळलेच. म्हटलं, "हे कोण सांगतं? ज्यांच्या देशावर तो चालून गेला, ते! आणि ओरिएंटल म्हणजे कोण हो? तुम्ही काय अथेन्सचे?"

पाटणकरांनी मुकादमांकडे बघितलं. "तुमच्या घरात नाखवे होते ना? तुम्ही सांगा. समुद्राला कोणी फटके मारेल का?"

मुकादमांनी विचार करून सांगितलं, "दर्यावर वाढलेला माणूस असलं काय करायचा नाय. पण ऑफिसात बसून दर्या सांभाळणारा असंल, तर त्याचा काय नेम नाय. गेल्या महिन्यात वाऱ्यानं आमची क्रेन दोन दिवस बंद. साहेब म्हणाला, 'वॉर्निंग लेटर काढा.' मी विचारलं, 'सर, कोणाच्या नावानं?'"

"मग?" मी विचारलं.

"काढलं ना! फाइलला आहे. 'टू हूम इट मे कन्सर्न.'"

वहीत झर्क्सिसच्या पानावर निळ्या शाईखाली मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: शक्यता नाकारता येत नाही.

* * *

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसले, ते.

कट्ट्याचा वर्षातून एक मोठा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल घेतात, बाहेरचे लोक येतात, एक व्याख्यान होतं. या वर्षी विषय ठरला, 'मीड आणि पर्शियन राजे: कोण काय सांगतं'. विषय माझा. शब्दसुद्धा माझे! चार वर्षं भरत आलेली वही माझी. मी कोणाकडे कधी काही मागितलं नाही, पण हे एक मनात होतं. एकदा माइकसमोर उभं राहायचं आणि हे सगळं आपल्या तोंडानं सांगायचं. आरशासमोर तयारीसुद्धा केली होती. आता सांगायला कसली लाज?

स्वातीचा फोन आला. "मावशी, वही द्या ना दोन दिवस, झेरॉक्स काढते. स्लाइड्स करायच्यात."

मला वाटलं, माझ्यासाठीच करतेय. दिली.

आठवड्यानं ग्रुपवर पोस्टर आलं. मधोमध पाटणकरांचा कोटातला फोटो. व्याख्याते: डॉ. पाटणकर. खाली बारीक अक्षरांत, फराळ: यमुनामावशी आणि मंडळी.

मी फोन लावला. पाटणकरांना नाही, ते सात भिंतींच्या आत! स्वातीला.

"मावशी, तुम्ही रागावू नका. बाहेरचे लोक येणार. डॉक्टर म्हटलं की पोस्टरवर जरा वजन येतं. तुमचं शिक्षण विचारलं कोणी तर तुम्हालाच ऑकवर्ड होईल."

"मला नाही होत ऑकवर्ड. तुम्हाला होतं!"

"आणि फराळाचं तुमच्याइतकं कोणाला जमतं, सांगा बरं?"

"म्हणजे राजे त्यांचे आणि चिवडा माझा!"

फोन ठेवला. ईरा सोफ्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "आजी, आर यू क्राइंग?"

"कांदा चिरत होते."

"यू आर नॉट इन द किचन."

पोरगी माझ्यावर गेली आहे.

चिवडा मात्र मी केला. येणाऱ्या लोकांनी माझं काय घोडं मारलं होतं?

* * *

व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला ईरा, दुसऱ्या बाजूला मुकादम. पर्समध्ये वही.

पहिल्या स्लाइडलाच काय झालंय ते कळलं. स्वातीनं झेरॉक्स काढली होती ती काळी-पांढरी! लाल, निळं, हिरवं, सगळं एकसारखं काळं. आणि त्यावरून टाइप करून घेतलेलं. चार वर्षं मी जे वेगळं वेगळं करत बसले, ते दुकानाच्या मशीननं पाच मिनिटांत एका पातेल्यात ओतलं होतं!

पाटणकर बोलतात छान, ते नाकारणार नाही. देओकेस जणू त्यांच्या सोसायटीतला असावा असं ठासून सांगितलं. सायरस अंथरुणात वारला, अर्थातच. कायम झालेलं होतं ना ते! मग दारियस आला.

दारियसनं बेहिस्तूनच्या कड्यावर उंच जागी, तीन भाषांत, स्वतःची हकीकत कोरून घेतली आहे. माझ्या वहीतली सगळ्यात लाल पानं ती. तो म्हणतो, देवाच्या कृपेनं मी राजा झालो. माझ्याविरुद्ध उठलेले नऊ जण खोटारडे, मी तेवढा खरा. आणि ग्रीक काय म्हणतात? सहा-सात सरदारांत पैज लागली, की पहाटे ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो राजा. दारियसच्या मोतद्दारानं लबाडी करून घोड्याला खिंकाळायला लावलं.

आणि पाटणकर माइकवर म्हणाले, "मित्रहो, दारियसची नम्रता बघा! एवढा मोठा सम्राट, पण त्यानं स्वतः कड्यावर कोरून ठेवलंय, की माझा घोडा आधी खिंकाळला म्हणून मी राजा झालो!"

टाळ्या! हॉल नुसता दुमदुमला!

मी उभी राहिले. "हे कोण सांगतं?"

"मावशी, प्रश्न शेवटी घेऊ."

मुकादमांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. पुटपुटले, "घोड्याच्या लबाडीवर राज्य मिळालं असं कोण दगडावर लिहील? आमच्या बंदरात कोण कागदावरसुद्धा लिहीत नाय!"

शेवटी प्रश्न आले. मी हात वर केला, स्वाती माइक घेऊन दुसऱ्याच रांगेत गेली. पुन्हा वर केला, ती आणखी मागे गेली. तेवढ्यात माझ्या शेजारी ईरा उभी राहिली. माइकशिवाय, शाळेत प्रार्थना म्हणतात तशा आवाजात.

"अंकल, हू सेज दॅट? द किंग ऑर द ग्रीक्स?"

पाटणकरांनी पडद्याकडे बघितलं. पडदा काळा-पांढरा. हातातल्या कागदांकडे बघितलं, तेही तसेच. मग हसले. "बेटा, हिस्टरी सेज!"

लोक हसले. ईरा हसली नाही. खाली बसली आणि मला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आजी, ही डझन्ट हॅव द कलर्स."

मग मी मुकादमांना म्हणाले, चला, यल्ला! चिवड्याचा एक घास न खाता घरी आले.

* * *

कट्ट्याचा पुढचा शनिवार. खलिफा सिटी, तोच व्हिला, तेच कप. सुनील म्हणाला होता, "जाऊ नकोस." म्हटलं, "न जायला मी काय खोटं केलंय?"

स्वातीनं रजिस्टर उघडलं. निळ्या बॉलपेनचं तिचं सुबक अक्षर. वाचायला लागली, "अध्यक्ष डॉ. पाटणकर यांनी सखोल संशोधनावर आधारित व्याख्यान दिले. श्रोत्यांमधून एका लहान मुलीने शंका विचारली, तिचे समाधान करण्यात आले. यमुनामावशींनी फराळाची व्यवस्था चोख ठेवली. कायम?"

"का..." सगळ्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," मुकादम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कट्ट्यावर मोठ्यानं बोलले असतील. "मावशींना काय तरी लिवायचं आहे."

मी उठले. नव्या गुडघ्यांना वेळ लागतो, तेवढा घेतला. स्वातीच्या हातातून रजिस्टर घेतलं, टीपॉयवर ठेवलं, पर्समधून पेन काढलं. तिच्या निळ्या ओळींच्या बरोबर खाली लिहिलं: 'वही माझी, विषय माझा, व्याख्यान माझं होतं. मला बोलू दिलं नाही. यमुना, सातवी पास.'

पाटणकर खुर्चीतून पुढे वाकले. लिहिलं काय, ते त्यांनी वाचलंच नसावं. म्हणाले, "मावशी, अहो, रजिस्टरमध्ये असं लाल शाईनं कोणी लिहीत नाही!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मीडांनीही लिहिलं नव्हतं."

आणि सहीखाली रेघ ओढली.